पिल्लं निघू दे

फोन वाजला तेव्हा बायाबाई डाल्याखाली हात घालून अंडी चाचपून पाहत होती. भुरी कोंबडी चिडून तिच्या मनगटावर चोच मारत होती, तरी तिनं सगळी अंडी नीट पोटाखाली सरकवली आणि मगच पदराला हात पुसून फोन घेतला. बपेऱ्याहून थोरली बहीण ललिताबाई बोलत होती. तिला बायाबाई लहानपणापासून ‘बाई’च म्हणे.

ललिताबाईचं म्हणणं एवढंच होतं की दोन-चार दिवस येऊन राहा. काही काम नाही, सहजच. तिचा आवाज जरा दमल्यासारखा वाटला, पण थंडीचे दिवस होते, खोकला असेल, असं बायाबाईला वाटलं.

“भुरी बसली हाये, बाई,” ती म्हणाली. “पिल्लं निघू दे, मंग येतो.”

दिघोरीहून बपेरा म्हणजे जिल्ह्याचं दुसरं टोक. भंडाऱ्याला गाडी बदलायची, मग तुमसरला. जाऊन लगेच परतता येत नाही. धनीरामनं बोडीवर, गावच्या लहान तळ्यावर, मासे धरायला टाकायचं जाळं विणता विणता सारं ऐकलं होतं. तो म्हणाला, “जा ना. कोंबड्या मी पायतो.”

बायाबाईनं नुसतं खुराड्याच्या दाराकडे पाहिलं. मागे एकदा ती जवळच्याच गावी लग्नाला गेली होती. धनीराम खुराड्याचं दार लावायचं विसरून पहाटेच मासे धरायला गेला आणि मुंगसानं पिल्लं नेली. तेव्हापासून ती कुठे मुक्कामाला गेली नव्हती. भाच्याच्या साखरपुड्याला नाही, की स्वतःच्या मुलीकडे, प्रेरणाकडे, बारशाला नाही. माणसं समजून घेतात, असं ती म्हणे.

खरं तर या कोंबड्या ललिताबाईनंच लावून दिलेल्या. प्रेरणा सासरी गेली, धनीराम दिवसभर पाण्यावर. घरात बोलायला कोणी नाही, म्हणून बायाबाई जेवेनाशी झाली होती. तेव्हा बहीण एस.टी.नं एक तलंग, म्हणजे कोवळी कोंबडी, आणि एक कोंबडा टोपलीत घालून घेऊन आली. “यायच्याशी बोलत जाय,” म्हणाली. त्यांचीच पुढे एवढी वाढ झाली. बायाबाईनं त्यातली एकही कापू दिली नाही. पाहुणा आला तर धनीरामनं मासे आणायचे, असा घरचा नियमच झाला.

काही दिवसांनी ललिताबाईचा पुन्हा फोन आला. पिल्लं निघाली का, तिनं विचारलं.

“कालच निघाली. पण आता वरून घार फिरून राहिली, बाई. जरा पंख फुटू दे त्यायले.”

पलीकडून खोकल्याची उबळ ऐकू आली. मग ललिताबाई म्हणाली, “बरं. मोठी होऊ दे.”

त्या आठवड्यातच तिच्या मुलाचा, मिथुनचा, फोन आला. आईला तुमसरच्या दवाखान्यात नेलं होतं, पण उपयोग झाला नाही.

बायाबाई नेसत्या लुगड्यानिशी निघाली. खुराड्याकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही. बपेऱ्याला पोचली तेव्हा अंत्यविधी उरकून बाया आंघोळी करून परतत होत्या. शेजारच्या पुष्पाबाईनं तिला जवळ बसवून घेतलं. दिवाळीपासूनच दम लागत होता, तिनं सांगितलं. पण बहिणीला कळवू नका, घाबरेल, असं ललिताबाईनं सगळ्यांना बजावलं होतं. शेवटी शेवटी तिनं खाट दारापाशी घ्यायला लावली होती. तिथून गाडी थांबते ती जागा दिसे.

“तुमी आले असते तं बरं झालं असतं,” पुष्पाबाई म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. बायाबाईला तो असता तर सोपं गेलं असतं.

तेरवी उरकून ती परत आली, तेव्हा ऊन उतरलं होतं. ती अंगणातल्या ओट्यावर बसली. धनीराम पाणी घेऊन आला. तो कोंबड्यांबद्दल बोलू लागला. इतके दिवस तो बोडीवर गेलाच नव्हता. जुनं जाळं त्यानं अंगणावर ताणून बांधलं होतं, घार येऊ नये म्हणून. रात्री खाट खुराड्याच्या दाराशी टाकून तो निजला होता. ती नसताना तिची कोंबडी जाऊ नये, एवढंच त्याच्या मनात होतं.

“एकबी पिल्लू गेलं नाही,” तो म्हणाला. “मोजून पाय.”

भुरी पिल्लांना घेऊन जाळ्याखाली फिरत होती. पिल्लांना पंख फुटू लागले होते. बायाबाईनं त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं, पण मोजली नाहीत.

“तुमाले जमलं असतं,” ती हळू म्हणाली. “मी तवाच गेली असती तं.”

धनीरामनं तिच्या मांडीवरची, बपेऱ्याहून मिळालेली पिशवी उचलली, आत नेऊन खुंटीला अडकवली, आणि तांदळाच्या कनकीची वाटी घेऊन स्वतःच कोंबड्यांना बोलवू लागला.