सुदर्शनचा बिबट्या

प्लॉटच्या दलालीत शिरल्यापासून आपल्याला जगातलं सगळं जमतं, असा सुदर्शनचा समज झाला होता. त्याची आई मथुराबाई हा समज रोज दोन वेळच्या जेवणाबरोबर मुकाट गिळत असत. धायरीत बंगला झाला, दारात उंच गाडी आली आणि मग त्याला जंगलाची आवड लागली. आवड म्हणजे, जंगलात उभं राहून स्वतःचे फोटो काढायची.

त्या वर्षी डोंगरातल्या एका धरणाचं पाणी चढलं, एका टेकडीचं बेट झालं आणि त्यावर बिबट्या अडकला. वनखात्याने तिकडे जायला मनाई केली. मनाई झाली म्हटल्यावर सुदर्शनला जाणं भागच होतं.

"बिबट्या बघायला एवढ्या लांब?" मथुराबाई म्हणाल्या. "हितं मागच्या टेकडीवर येतोय की. का त्याच्यासंगं फोटू चांगला न्हाई येत?"

त्यांच्या सुनेला, शेफालीला, पाण्याची भीती होती. पण नवऱ्याने 'रिलमध्ये फॅमिली दिसली पाहिजे' असं ठरवलेलं. तिचा उतरलेला चेहरा बघून मथुराबाईही गाडीत बसल्या.

काठावर गेनबा नावाचा मासेमार होता. वारा वाढलाय म्हणून तो आधी नको म्हणाला, मग सुदर्शनने भाडं वाढवल्यावर त्याला वारा लागेनासा झाला. नावेत तरंगायचं जाकीट एकच, तेही उन्हाने विटलेलं. गेनबाने ते शेफालीपुढे धरलं. सुदर्शनने मधेच घेतलं आणि स्वतः चढवलं.

"मला उभं राहून शूट करायचंय," तो म्हणाला. "तुम्ही बसूनच राहणार ना."

शेफालीने बसायची फळी दोन्ही हातांनी घट्ट धरली. मथुराबाईंनी लेकाकडे असं पाहिलं, की गेनबाने नजर पाण्याकडे वळवली.

बेट जवळ आलं तेव्हा लाटा नावेत उडू लागल्या होत्या. झुडपांमागे काहीतरी हललं आणि सुदर्शन ताडकन उठला. गेनबा बसायला सांगतोय तोवर नाव एका अंगाला कलली, आणि सुदर्शन आणि शेफाली दोघंही पाण्यात गेली.

जाकिटाने सुदर्शनला लगेच वर आणलं. दोन्ही हातांनी नावेची कड धरून तो "गेनबा, मला घे" एवढंच ओरडत राहिला. बायको हातभरावर गटांगळ्या खात होती. त्याने तिकडे मान वळवली नाही.

मथुराबाईंचं सगळं बालपण मळ्यातल्या विहिरीत पोहण्यात गेलेलं. त्यांनी नऊवारीचा पदर खोचला आणि उडी टाकली. शेफाली गळ्याला मिठी मारायला आली, तशी त्यांनी तिला मागे फिरवून वेणीला धरलं आणि नावेपाशी ओढत आणलं. धरायला जागा होती तिथे सुदर्शनचे हात होते. मथुराबाईंनी त्याची बोटं एकेक करून उचकटली आणि तिथे सुनेचा हात ठेवला. गेनबाने दोघींना वर घेतलं. सुदर्शनला सगळ्यात शेवटी.

बिबट्याही दिसला. शेफाली पाणी ओकत होती, तेव्हा तो कातळावर बसून या लोकांकडे बघत होता. मग कंटाळून आत निघून गेला. सुदर्शनचा मोबाइल तळाला गेला होता.

रविवारी मित्र आले. सोफ्यावर रेलून सुदर्शन सांगत होता, की नाव कलंडल्यावर आपण शेफालीला कसं वाचवलं. शेफाली पोह्यांच्या बशा घेऊन दारातच थांबली. मथुराबाई बाहेर आल्या.

"जाकीट कुनाच्या अंगात हुतं, ते सांग त्यांना," त्या म्हणाल्या. "आन् बायकू बुडत असताना तू काय धरलं हुतंस, तेबी."

मित्रांनी पोहे जरा घाईने संपवले.

त्यानंतर कितीतरी दिवस सुदर्शन रागाने दोघींशी बोलला नाही. शेफाली पोहायच्या तलावावर जाऊ लागली, मथुराबाई काठावर बसून तिला हात कसे मारायचे ते सांगत. घर इतकं निवांत कधीच नव्हतं. त्याचा राग लवकर जाऊ नये, एवढीच दोघींची इच्छा होती.