तिच्या वतीनं नकार

चष्म्याच्या काचा बसवणाऱ्या त्या बाईला रक्ताचा कॅन्सर आहे, हे दुकानात कुणाला ठाऊक नव्हतं. हा कॅन्सर तसा सभ्य. रोज एक गोळी, तीन महिन्यांनी रक्ततपासणी आणि मग व्हिडिओ कॉलवर डॉक्टरांचं पाच मिनिटांचं दर्शन, असं सात वर्षं चाललं होतं. हॉस्पिटल आठ तासांच्या अंतरावर. दर खेपेला कोण उठून जातंय!

सगळं नवरा बघायचा. तो लिफ्ट दुरुस्त करणारा, हुशार, बोलायला गोड. नोंदणी त्याच्या फोनवर, रिपोर्ट त्याच्याकडे, निरोपही त्याच्याकडेच. गोळीची वेळ झाली की ग्लास घेऊन हजर. "राणीसरकार, तोंड उघडा!" तळहाताच्या फोडासारखं जपतो हो, असं शेजारीण म्हणायची, आणि जरा जळायचीही. खरंच जपायचा तो, त्यात खोट नाही.

बाईला एकच हवं होतं, मूल. सुरुवातीलाच डॉक्टरांनी बजावलं होतं, या गोळीवर दिवस जाऊ द्यायचे नाहीत, बाळात व्यंग येऊ शकतं. रिपोर्ट बरीच वर्षं चांगले राहिले तर मात्र गोळी थांबवून बघता येते. या 'बघता येते'वर तिनं सात वर्षं काढली. डॉक्टर पुरुष, त्यांना विचारायला तिची जीभ रेटायची नाही. मग दर वेळी नवऱ्याला म्हणायची, "अहो, तेवढं विचारा ना." तो मागाहून फोन करून विचारायचा. म्हणजे, विचारलं असं सांगायचा. "अजून नाही म्हणतात गं. पुढच्या वेळी बघू."

त्या मंगळवारी हॉस्पिटलनं कॉल दुपारी घेतला. नवरा कुठल्याशा इमारतीत लिफ्टच्या खड्ड्यात उतरलेला, त्याचा फोन लागेना, म्हणून त्यांनी कागदावरचा दुसरा नंबर फिरवला. ती दुकानाच्या मागच्या खोलीत मशीनवर काच घासत होती. पडद्यावर एक नवीन डॉक्टरीणबाई दिसल्या. जुने डॉक्टर सोडून गेले होते.

"रिपोर्ट झकास आहे तुमचा," त्या म्हणाल्या. "पाच वर्षं आजार सापडतच नाहीये. एक विचारू? गोळी थांबवायला दोनदा नकार का दिलात?"

"कुणी?"

"तुम्हीच. दोन वर्षांपूर्वी आम्ही फॉर्म पाठवला होता. मूल नको, गोळी चालू ठेवा, असं उत्तर आलंय. गेल्या वर्षी पुन्हा तेच. तुमचं वय एकोणचाळीस, म्हणून विचारते. वेळ गेलेली नाही, पण आता फार थांबूही नका."

बाईनं हात पुढे करून मशीन बंद केलं. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच. रडू नाही आलं तिला, आधी लाज वाटली. आणि गंमत बघा, 'मी नाही दिला नकार' म्हणावं तर नवऱ्याची अब्रू जाईल, हेही तेवढ्यात तिच्या मनात आलं! "कळवते," म्हणाली आणि फोन ठेवला.

संध्याकाळी त्यानं बूट काढायच्या आत तिनं विचारलं, "फॉर्म तू भरलास?" लग्नाला अकरा वर्षं झाली होती, अरे-तुरे पहिल्यांदाच.

आधी 'कुठला फॉर्म' झालं. मग हॉस्पिटलचा काहीतरी घोळ असेल, हेही झालं. शेवटी त्यानं कबूल केलं.

"थांबवल्यावर निम्म्या लोकांचा आजार परत येतो. मी वाचलं होतं."

"आणि पुन्हा गोळी घेतली की आटोक्यात येतो, हे नाही वाचलंस?"

"बहुतेकांचा येतो. मला बहुतेक नको होतं. मला तू हवी होतीस."

"मग तसं सांगायचं होतंस. भांडायचं होतंस माझ्याशी!"

"तू ऐकलं असतंस?"

"नसतं ऐकलं," ती म्हणाली. "तो माझा जीव होता. तुझ्या बहिणीचं बाळ मांडीवर घेऊन बसायचे मी, आणि तू माझ्याकडे बघून म्हणायचास, अजून नाही. कसं जमलं रे तुला?"

कुंपणानंच शेत खाल्लं, मग दाद कुणाकडे मागायची!

दुसऱ्या दिवशी दुकानातून तिनं हॉस्पिटलला फोन लावला. गोळी थांबवायचा फॉर्म पुन्हा पाठवा म्हणाली, आणि यापुढे सगळं माझ्या नंबरवर.

"नंबर बदलला," तिकडची मुलगी म्हणाली. "आणि तातडीच्या वेळी कळवायला दुसरा नंबर कुणाचा घालू?"

बाईनं मनातल्या मनात माणसं मोजली. आई-वडील गेलेले. भावाला आजाराचं माहीतच नव्हतं. कुणाला सांगू नकोस, उगाच कीव करतील, हेही नवऱ्यानंच शिकवलेलं. सगळ्या जगात तिचं दुखणं ठाऊक असलेला माणूस एकच होता.

"नवऱ्याचाच घाला," ती म्हणाली.

"बरं. म्हणजे त्यांनाही विचारलेलं चालेल ना?"

"नाही. मी मेले तर त्यांना कळवा. जिवंत आहे तोवर मला विचारा."