दारातली पंधरा मिनिटं

त्या कंपनीत सगळ्यात जास्त राबणारा कर्मचारी मुळात माणूसच नव्हता, म्हणून त्याने कधी रजा मागितली नाही. ते एक सॉफ्टवेअर होतं. घरोघरी जाऊन तपासणीसाठी रक्त काढून आणायचं, हा कंपनीचा धंदा. कुणाकडे कोण जाणार, आधी काय, मग काय, नळी प्रयोगशाळेत कधी पोहोचली, रिपोर्ट कुणाच्या सहीवाचून अडला, ही सगळी साखळी ते सॉफ्टवेअर हाकायचं. कागदोपत्री त्याचं नाव भलं लांबलचक होतं. ऑफिसात सगळे त्याला मुकादम म्हणत.

मुकादमाला स्वतःची अक्कल नव्हती, आणि तशी अपेक्षाही नव्हती. किती वेळा प्रयत्न करायचा, किती वेळ वाट बघायची, चुकलं तर कुणाला कळवायचं, हे सगळं त्याला सेटिंग करून सांगावं लागे. अशा सेटिंगचा एक गठ्ठा म्हणजे एक प्रोफाइल. प्रत्येक पेशंटच्या नावापुढे त्याची फेरी कुठल्या प्रोफाइलने चालवायची ते लिहिलेलं असे, आणि मुकादम त्या फेरीपुरता तसा वागे. बऱ्या ऑफिसात असे दोन-तीन गठ्ठे पुरतात. इथे सत्तेचाळीस होते.

याचं कारण अगदी माणुसकीचं होतं. दुसऱ्याच्या सेटिंगला हात लावायची कुणाची छाती नव्हती आणि स्वतःची पुसायची कुणाला सवय नव्हती. मग जो तो जुन्या प्रोफाइलची नक्कल करी, त्यात एक आकडा बदली आणि नवं नाव ठेवी. ‘नवीन’, ‘नवीन-दोन’, ‘खरंच-नवीन’, ‘हेच-वापरा’, ‘हेच-वापरा-जुनं’, ‘हात-लावू-नये’. शेवटच्याला खरोखरच कुणी हात लावला नव्हता. त्यात काय आहे हे विचारायलासुद्धा लोक घाबरत.

साहेब या सगळ्याचे प्रमुख. त्यांनी संचालकांच्या बैठकीत सांगून टाकलं, की महिनाअखेर प्रोफाइल तीनवर आणतो. तीनच का, याला उत्तर नव्हतं. उचलली जीभ लावली टाळ्याला. पण आकडा एकदा संचालकांच्या कानावर पडला की तो धोरण होतो, आणि धोरण राबवायला ऑफिसातला सगळ्यात नवा माणूस लागतो. सगळ्यात नवी ताई होती.

ताईला लागून पाच महिने झाले होते. सहाव्या महिन्याच्या शेवटी नोकरी कायम व्हायची होती, किंवा नव्हती. मुलगी झाल्यावर आठ वर्षं घरी काढून ती पुन्हा कामाला लागली होती. ‘आता या वयात तुला कोण घेणार’ असं म्हणणारे नातेवाईक थोडे नव्हते, आणि ते सगळे सहावा महिना कधी संपतो त्याची मोठ्या प्रेमाने वाट बघत होते.

“तीन झाले की तुमचं पत्र निघेल,” साहेब म्हणाले. “न झाले तर मग मला विचार करावा लागेल.”

साहेबांनी विचार करणं कुणाच्याच हिताचं नव्हतं. शेजारच्या टेबलावरचे एक जुने प्रोग्रामर हळूच पुटपुटले, “तीन तिघाडा, काम बिघाडा.” त्यांना सगळे बघू म्हणत, कारण कुठलंही काम सांगितलं की ते ‘बघू’ म्हणायचे आणि नंतर खरोखर नुसतं बघत बसायचे.

ताईने कंबर कसली. बरेच प्रोफाइल कुणी वापरतच नव्हतं. ते तिने दोन दिवसांत उडवले. ‘हात-लावू-नये’ उघडलं तर ते रिकामं निघालं. पाच प्रोफाइल अक्षरशः सारखे होते, फक्त बनवणारे एकमेकांशी बोलत नव्हते. एकात मुकादमाला अडचण आली की ज्याला कळवायचं, तो गृहस्थ नोकरी सोडून चार वर्षं झाली होती. चार वर्षं मुकादम बिचारा इमानेइतबारे त्याला कळवत होता. ताई रोज पेशंट इकडून तिकडे हलवी, प्रोफाइल पुसे, आणि संध्याकाळी साहेबांना आकडा कळवी. साहेब आकड्याखाली अंगठा पाठवत.

आठव्या दिवशी चार उरले. ‘मूळ’ म्हणजे रोजचं. ‘चाचणी’ म्हणजे काही नवं करून बघायचं असेल तर. ‘प्रात्यक्षिक’ हे साहेबांचं लाडकं. संचालक आले की मोठ्या पडद्यावर ते लावायचं. त्यातले पेशंट खोटे होते, आणि इतके गुणी, की बेल वाजायच्या आधी दार उघडत. सगळीकडे हिरवे ठिपके. संचालक ते बघून समाधानाने जेवायला जात.

चौथ्याचं नाव होतं ‘आईसाठी-तात्पुरता’.

‘मूळ’मध्ये आणि त्याच्यात फरक फक्त एका सेटिंगचा होता. रक्त काढणारा माणूस दारात पोहोचला की फोनवर बेलचं बटण दाबतो, आणि तिथून मुकादम वेळ मोजतो. ‘मूळ’मध्ये तीन मिनिटं. तेवढ्यात दार उघडलं नाही तर ‘पेशंट उपलब्ध नाही’, पुढचा पत्ता, आणि या पेशंटची पाळी थेट पुढच्या आठवड्यात. ‘आईसाठी’मध्ये तीनच्या जागी पंधरा होते. त्या पंधरा मिनिटांवर दोनशे बारा पेशंट चालले होते.

“हे कुणी केलं?” तिने बघूंना विचारलं.

“बघू,” ते म्हणाले, आणि नवल म्हणजे पुढेही बोलले. “कुणी केलं देव जाणे. आम्ही आलो तेव्हापासून आहे. रक्त काढायला फिरणाऱ्या आपल्या फेरीवाल्यांचा फोन येतो ना, या आजींना आईत टाका, त्या आजोबांना आईत टाका. आपण टाकतो.”

“आजोबांना पण आईतच?”

“मग त्यांच्यासाठी वेगळं करायचं? अठ्ठेचाळीसावं?”

तेवढ्यात फोन आलाच. सुईवाले काका, फेरीवाल्यांमधले सगळ्यात जुने. “ताई, ऐकलं ते खरं का? आईचं बंद होतंय म्हणे?”

“काका, तीन मिनिटांत नाहीच का होत?”

“होतं की. तुमच्या-माझ्या घरी होतं.” काका जिना चढत होते, धाप ऐकू येत होती. “चौथ्या मजल्यावर एक बाई आहेत. आठवडे तीन गेले, मी बेल मारतो, मुकादम म्हणतो निघा, मी निघतो. खाली पोहोचलो की वरून हाक येते, अहो आले, आले. एकदा वर बघितलं तर खिडकीत रडत होत्या. मग आईत टाकायला सांगितलं. तुम्ही काय ते बघा, मला काही कॉम्प्युटर कळत नाही.”

रविवारी दुपारी ताईने सासूबाईंना सांगितलं, की मी बाहेर जाऊन बेल वाजवते, तुम्ही येऊन दार उघडा. सासूबाईंचे गुडघे गेलेले, हातात चौपायी काठी.

“कशाला? किल्ली नाही का तुझ्याकडे?”

“वेळ मोजायचाय.”

“कसली शर्यत आहे का?”

ताईने बाहेरून बेल वाजवली आणि फोनवर वेळ लावली. आतून “कोण आहे” असं आलं. मग पुन्हा आलं. मग चष्मा कुठे गेला यावर बराच वेळ एकटीनेच बोलणं झालं. मग काठीचा आवाज, मध्ये थांबणं, पुन्हा आवाज. तीन मिनिटं झाली तेव्हा सासूबाई खोलीच्या उंबरठ्यापर्यंत आल्या असाव्यात. त्या गॅस बंद आहे का बघायला स्वयंपाकघरात वळल्या, हे नंतर कळलं. दार उघडलं तेव्हा साडेआठ मिनिटं झाली होती.

“पहिली आले का?” त्यांनी विचारलं.

ताईला हसू आलं, पण ते टिकलं नाही. आतल्या आत तिने आधीच ठरवून टाकलं होतं, की दोनशे बारा लोक मुकाट्याने ‘मूळ’मध्ये ढकलायचे, पत्र घ्यायचं आणि विसरून जायचं. ते ठरवल्याची तिला आता लाज वाटली. पण पत्राचा मोह गेला होता असं मात्र नाही.

सोमवारी तिने त्या प्रोफाइलचा इतिहास उघडला. आठ वर्षांपूर्वी, एका गुरुवारी सकाळी ते बनवलेलं. बनवणाऱ्याचं नाव वाचून तिने ते पुन्हा वाचलं. साहेब तेव्हा साहेब नव्हते. आता बघू बसतात त्याच टेबलावर त्यांच्या आधी बसणारे साधे प्रोग्रामर होते.

ताई त्यांच्या केबिनमध्ये गेली. “साहेब, चार उरलेत. चौथं तुमचं आहे.”

साहेबांनी कागद पाहिला. चेहऱ्यावर काही आलं, ते त्यांनी चष्मा पुसून घालवलं. “हो, आठवलं. आईला वर्षभर दर गुरुवारी रक्त द्यावं लागायचं. एकटी असायची घरी. दोनदा आपलाच माणूस परत गेला. तेव्हा मी घाईघाईने केलं होतं.” त्यांनी कागद परत दिला. “आता गरज नाही त्याची. आई गेली दोन वर्षांपूर्वी. काढून टाका.”

“साहेब, बाकीच्या दोनशे बारा आहेत अजून.”

साहेबांना हे ऐकायची सवय नव्हती. “हे बघा, अपवाद ठेवायचे नाहीत असं ठरलंय. पंधरा-पंधरा मिनिटं दारात उभं राहायचं म्हणजे फेऱ्यांची सरासरी कुठे जाईल? आणि उद्या संचालक येतायत. मी तीन म्हणून सांगितलंय.”

आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. आयांच्या बाबतीतही हे चालतं, हे ताईला नव्याने कळत होतं. पत्र तिला हवंच होतं. तरी ती म्हणाली, “मी नाही पुसणार. तुमचं आहे, तुम्ही पुसा.”

“तुमचं पत्र माझ्या टेबलावर आहे, माहिती आहे ना?”

“माहिती आहे.”

साहेब ताडताड उठले आणि थेट तिच्या टेबलापाशी येऊन तिच्या खुर्चीत बसले. बघू इतके गंभीर झाले, की त्यांनी हातातलं बिस्किट खाली ठेवलं. साहेबांनी दोनशे बारा पेशंट एका फटक्यात ‘मूळ’मध्ये हलवायची खूण केली आणि ‘पुसा’वर बोट दाबलं. चौकट उघडली. मुकादम कशावरही विश्वास ठेवत नसे. काही पुसायचं असलं तर त्याचं पूर्ण नाव स्वतःच्या हाताने टाइप करून द्यावं लागे, मग तो पुसायचा आणि पेशंट हलवायचा. ताईने त्रेचाळीस वेळा ते केलं होतं. साहेबांना बऱ्याच वर्षांत करावं लागलं नव्हतं.

त्यांनी टाइप केलं: आई.

पुढे अजून सहा-सात अक्षरं होती. साहेब पडद्याकडे बघत राहिले. चौकटीत रेघ लुकलुकत होती. वरच्या पंख्याची कुरकुर पहिल्यांदाच सगळ्यांना ऐकू आली. साहेबांची बोटं कीबोर्डवर तशीच होती. किती वेळ गेला ते कुणी मोजलं नाही. तीन मिनिटांपेक्षा जास्तच गेला असेल.

मग त्यांनी ती चौकट बंद केली.

“प्रात्यक्षिक काढा,” ते म्हणाले.

“उद्या संचालकांना काय दाखवायचं?” बघूंनी न राहवून विचारलं.

“जे चाललंय ते.” साहेब उठले. दोन पावलं गेले आणि वळून न बघता म्हणाले, “आणि त्या नावातलं ‘तात्पुरता’ काढून टाका.”

दुसऱ्या दिवशी संचालकांना आपल्या कंपनीचं खरं काम पहिल्यांदाच दिसलं, आणि ते त्यांना मुळीच आवडलं नाही. हिरव्या ठिपक्यांत लाल ठिपके होते, पिवळे होते. एक ठिपका पंधरा मिनिटं जागचा हलला नाही. हे काय आहे, असं एकाने विचारलं. साहेब म्हणाले, माणूस दारात उभा आहे. का उभा आहे, असं दुसऱ्याने विचारलं. साहेबांनी बरंच काही सांगितलं, पण संचालक त्या दिवशी जेवायला थांबले नाहीत. प्रोफाइल मात्र तीन होते, मोजून तीन, त्यामुळे कुणाला त्याबद्दल काही बोलता आलं नाही.

राग कुठेतरी निघावा लागतो, आणि तो वरून खाली येतो. ताईचं पत्र महिनाअखेर निघालं नाही. तीन महिन्यांनी निघालं. नोकरी कायम होती, पण उशिराचं कारण लिहायच्या रकान्यात टाइप केलेलं होतं: ‘कामास ठरल्यापेक्षा जास्त वेळ घेतात.’ खाली साहेबांची सही होती.

ताईने ते दोनदा वाचलं. वाईट वाटलंच, नाही वाटलं असं म्हणणं खोटं ठरेल. मग तिने घडी घालून पत्र पर्समध्ये टाकलं आणि केव्हापासून वाजणारा फोन उचलला. सुईवाले काका होते. आणखी तीन नावं आईत टाकायची होती.