जाम नदीच्या पुलावर जुळलेली चाकं

फाल्गुन लागला आणि यशवंतरावांच्या बागेतली संत्री फांदीवर थांबेनाशी झाली. सकाळी झाडावर, दुपारी मातीत. पडलेल्या फळाला व्यापारी हात लावत नाही. शनिवारी माल पांढुर्ण्याच्या बाजारात पोचला नाही, तर वर्षभर जपलेला बहार म्हशींच्या तोंडी जाणार होता. जुनी ट्रॉली मोडलेली. नवी भक्कम ट्रॉली हवी, तीही शनिवारच्या आत, एवढंच काम होतं.

पण यशवंतराव सावरगावचे, आणि त्यांची बायको शकुबाई जाम नदीपल्याडच्या पांढुर्ण्याची. सावरगावात यशवंतरावांचा चुलतभाऊ मनोहर ट्रॉल्या बांधायचा. पांढुर्ण्यात शकुबाईचा धाकटा भाऊ सुखदेव चाकं अन् टायर विकायचा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ही दोन गावं नदीच्या दोन काठांवरून एकमेकांवर गोटे फेकतात, ती गोटमार. गेल्या गोटमारीत सुखदेवच्या गोट्यानं मनोहरचा दात गेला आणि मनोहरच्या गोट्यानं सुखदेवचा गुडघा. बाकीचे लोक गोटमारीचं वैर चार दिवसांत विसरतात, एका पंगतीला बसतात. हे दोघं विसरले नाहीत. एकाला जेवताना आठवायचं, दुसऱ्याला जिना चढताना.

"दादा, ओझं पेलते तो एक्सल," मनोहर म्हणाला. "दोन टाक, भरीव, चौकोनी. टायर काय, कोनतेई लाव."

यशवंतराव पूल ओलांडून गेले.

"भाऊजी, एक्सल म्हंजे नुसता दांडा," सुखदेव म्हणाला. "तुमच्या काळ्या मातीत ओझं पेलते ते टायर. रुंद घ्या, जाड घ्या. मंग एक्सल एकच पुरते."

"मनोहर तं दोन म्हणून राहिला."

"म्हणनच. दात गेला का मानूस घाबरूनच चावते."

परत पूल. वाऱ्यावर पळसाची लाल फुलं पाण्यात पडत होती. यशवंतराव कठड्याशी उभं राहून ती वाहताना पाहत राहिले आणि तिथंच त्यांना वाट सापडली. एक्सल दोन, मनोहरचे. चाकं चार, रुंद टायरची, सुखदेवची. आणि आपली म्हणून एक वस्तू असावी, म्हणून सौंसरच्या बाजारातून ट्रॉली ट्रॅक्टरला जोडायची पिन त्यांनी स्वतः निवडून आणली. चार दुकानं पालथी घातली तिच्यासाठी.

शकुबाई अंगणात संत्र्यांचे क्रेट पुसत होती. पुसता पुसता गुणगुणत होती,

"अल्याड माहं सासर, पल्याड माहेर,
दोहीकडचे गोटे झेले जामचा पदर."

"कोनीच रुसलं नाई," यशवंतराव खुशीत म्हणाले.

"ते ठीक. पन मनोहरभाऊजीचा एक्सल अन् आमच्या सुखदेवचं चाक, जुळते का थे कोनं पाह्यलं?"

"त्यात पाहाचं काय? चाक गोल, हब गोल. बसते आपोआप."

शकुबाईनं क्रेट पालथा ठेवला. दुसरा उचलला.

शुक्रवारी सकाळी चाकं आली. मनोहरच्या दुकानात ट्रॉलीचा सांगाडा ठोकळ्यांवर उभा होता. यशवंतरावांनी पहिलं चाक उचलून एक्सलच्या टोकाच्या गोल तबकडीला, हबला लावलं. हबावर आठ बोल्ट. चाकाला सहा भोकं. त्यांनी चाक थोडं फिरवलं. मग पूर्ण फिरवलं. मग उलटं करून पाहिलं. बाकीच्या तिन्ही चाकांनाही सहाच.

"पांढुर्ण्याचा हिशोब असाच कमी," मनोहर म्हणाला.

यशवंतरावांनी सुखदेवला फोन लावला. "तिकडे कायबी जास्तच असते," सुखदेव म्हणाला. "त्याले सांगा, दोन बोल्ट काप."

"त्याले सांगा, दोन भोकं पाड," मनोहर म्हणाला.

यशवंतराव फोन हातात धरून दोघांचे निरोप एकमेकांना देत राहिले. तेवढ्यात बागेतून आलेल्या शकुबाईनं ओटीतली संत्री त्यांच्यापुढं ओतली. सगळी सकाळची पडलेली.

तिनं नवऱ्याच्या खांद्यावरचा पांढराशुभ्र दुपट्टा ओढला, ग्रीसनं माखलेल्या हबावर ताणला आणि तळहातानं दाबला. आठ काळे ठिपके उमटले, रांगोळीसारखे.

"अवं, नवा होता थो," यशवंतराव म्हणाले.

"बाग नवी येईन का?" म्हणाली आणि दुपट्टा घेऊन पूल ओलांडून गेली.

सुखदेवनं दुपट्टा पाहिला. तसली आठ भोकांची चाकं मागच्या खोलीत होती. "पन बाई, मापाची खातरी पायजे. हब इकडे आनाले सांग त्याले."

मनोहरचा निरोप आला, चाकं इकडे येऊ दे.

"बरं," शकुबाई म्हणाली. "मी पुलाच्या मधात बसतो. तुमचं जमन तवा या. संत्री सडली तं दोघाईच्या दारात अर्धी अर्धी टाकतो. वास बरोबर वाटून देतो."

आणि खरंच जाऊन बसली.

पंधरा मिनिटांनी सावरगावकडून मनोहर आला, हातगाडीवर चार हब, एक रिकामा क्रेट आणि शकुबाईनं ओतलेली संत्री घेऊन. पांढुर्ण्याकडून सुखदेव लंगडत एक चाक लोटत आला, मागून तीन पोरं बाकीची तीन लोटत. शकुबाईच्या दोन बाजूंना दोघं थांबले. पुढं पाऊल टाकायला कोणी तयार नाही. दोन्ही काठांवर माणसं जमली, गोटमारीला जमतात तशी.

"आज काय फेकता भाऊ?" काठावरून म्हातारा गुणवंता ओरडला. "नट का बोल्ट?"

शकुबाई उठली, सुखदेवचं चाक मनोहरच्या हबाकडं ढकललं आणि बाजूला झाली. चाक हबावर बसलं, आठच्या आठ बोल्ट भोकांतून सरळ बाहेर आले. पण नट ओळीनं कसले तर चाक वाकडं बसतं. एक इकडचा, मग त्याच्या समोरचा, असे कसावे लागतात. मनोहरनं आपल्या बाजूचा कसला आणि पाना धरून थांबला. समोरचा नट पांढुर्ण्याच्या बाजूला होता. त्यानं पाना पुढं केला. सुखदेवनं घेतला, कसला, परत दिला. चार चाकं होईपर्यंत पाना नदीच्या मधोमध जात-येत राहिला. तिसऱ्या चाकाला मनोहर म्हणाला, "गुडघा टेकू नको, बस त्या क्रेटवर." चौथ्याला सुखदेवनं संत्रं सोललं, फोडी मोकळ्या केल्या आणि पुढं धरल्या. "ह्या मऊ हायेत. चावता येतीन."

रात्रीतून चाकं हबांसकट एक्सलवर चढली आणि शनिवारी उजाडताना भरलेली ट्रॉली पुलावर आली. ट्रॅक्टरवर यशवंतराव, क्रेटांच्या राशीवर शकुबाई. कुठून तरी कुरकुर ऐकू येत होती.

"टायर घासून राह्यला," मनोहर सावरगावच्या टोकाहून म्हणाला.

"एक्सल हाय थो," सुखदेव पांढुर्ण्याच्या टोकाहून म्हणाला.

दोघं धावत आले, हळू चालत्या ट्रॉलीबरोबर वाकून चालू लागले, एक इकडून, एक तिकडून. चाकं गप्प. एक्सल गप्प. मग दोघांनी एकमेकांकडं पाहिलं आणि पुढं सरकून पिनीवर हात ठेवला. कुरकुर थांबली.

"भाऊजी," सुखदेव म्हणाला, "ही पिन कोनं आनली?"

यशवंतरावांनी ट्रॅक्टरचा वेग वाढवला.