माझ्या जागी साधं पाणी

मी ऑपरेशनआधी प्यायच्या गोड पाण्याची बाटली. सांगायला लाज वाटते, पण ज्यांच्यासाठी मला भरलं होतं, त्यांच्या पोटात माझा थेंबही गेला नाही.

कारखान्यातून मी कोरियातल्या थोंगयोंग बंदराच्या एका इस्पितळात आले. तिथे ब्योन संग-चुल नावाचे आजोबा दाखल झाले होते. जन्मभर मासेमारीची जाळी विणलेली. आता आतड्यात गाठ निघाली होती, आणि मधुमेह तर बारा वर्षांचा. सोबत मुलगी, ओक-हुई.

सकाळी सहाला ना-रे नर्सने मला टेबलावर ठेवलं. "आजोबा, हळूहळू साडेसहापर्यंत संपवा. साडेआठला ऑपरेशन."

"अहो सिस्टर, शुगरच्या माणसाला साखर?" ओक-हुई दचकलीच.

"सगळ्यांना नाही देत आम्ही. यांची शुगर आटोक्यात आहे. डॉक्टरांनी रात्रीचं इन्सुलिन बघून हे लिहून दिलंय. उपाशी पोटी माणूस खचतो हो!"

नर्स गेली. आजोबा दाढी करायला गेले. ओक-हुईने मला उचललं आणि बेसिनपाशी नेलं. तिच्या आईचा पाय मधुमेहातच कापला होता, आणि वर्षभरात आईही गेली. "पुन्हा नाही," ती पुटपुटली. मला पूर्ण ओतून दिलं आणि नळाचं पाणी भरलं.

मी ओरडायला हवं होतं. पण बाटलीला तोंड असतं ते फक्त ओतायला.

आजोबांनी पहिला घोट घेतला आणि थांबले. लेकीकडे पाहिलं. ती घडी घातलेल्या पांघरुणाची पुन्हा घडी घालत होती. मग त्यांनी मला तळापर्यंत रिकामं केलं. "संपवलं," ते नर्सला म्हणाले. तिने कागदावर तसं लिहिलं. माझ्या नावावर खोटं लागलं.

आठ वाजता आजोबांना दरदरून घाम फुटला. हात थरथरू लागले, जीभ अडखळू लागली. ना-रेने बोटाला सुई टोचली. शुगर बावन्न! रात्रीच्या इन्सुलिनने ती फारच खाली नेली होती.

"सगळं प्यायलात ना?"

ओक-हुईची नजर बेसिनकडे गेली. ना-रेने माझ्यातला शेवटचा थेंब बोटावर घेऊन चोळला. चिकटपणा नव्हता. त्या क्षणी फुटून जावंसं वाटलं मला.

"मी ओतलं," ओक-हुई रडत म्हणाली. "मला वाटलं, मी बाबांना वाचवतेय."

ना-रे रागावली नाही. आधी शिरेतून ग्लुकोज दिलं. ऑपरेशन एक दिवस पुढे गेलं.

आजोबांना हुशारी आली, तेव्हा ते हळूच म्हणाले, "मला पहिल्या घोटातच कळलं होतं गं."

"मग बोलला का नाही बाबा?"

"तुझ्या आईला मी चोरून गोड वड्या आणून द्यायचो. मागायची बिचारी. तुला कळलं तेव्हा चार महिने बोलली नव्हतीस माझ्याशी. आता तुझ्यासमोर साखर मागायला तोंड होतं का मला?"

ओक-हुई खाली बसली आणि वडिलांच्या पायांवर डोकं टेकून खूप वेळ रडली.

दुसऱ्या दिवशी नवी बाटली आली. ओक-हुईने ती स्वतः उघडून वडिलांच्या हाती दिली. ना-रे मध्येमध्ये शुगर तपासत राहिली. ऑपरेशन नीट पार पडलं.

मी आता प्लास्टिकच्या कचऱ्याच्या पिशवीत आहे. उद्या मला वितळवतील. जाण्याआधी एवढंच सांगते. आपल्या माणसासाठी जीव घाबरला, तर ती भीती नर्सजवळ बोला, डॉक्टरांजवळ बोला. बेसिनमध्ये ओतू नका.