कॅरेज कोण ओढतं

बाईमाणसाला मशिनीतलं काय कळतंय, असं दीर गिऱ्हाइकासमोर म्हणाला. तेही तिच्या नवऱ्याच्या स्टुलावर बसून.

"वहिनींचं काम पुसायचं," तो हसत म्हणाला. "दादा होता तेव्हाही त्या पुसायच्या, आताही पुसतात."

फडकं तिच्या हातात होतंच. घरात तिच्या जिभेला सगळे टरकून असत, पण मशीन-दुरुस्तीच्या या दुकानात अकरा वर्षं ती गप्प होती. शेवटची सहा वर्षं नवऱ्याला डोळ्यांनी दिसत नव्हतं. तो कानाने ऐकून सांगायचा आणि हात चालायचे हिचे. हे त्याने जन्मात कुणाला सांगितलं नाही. भिंतीवरच्या फोटोतही तो तसाच, तोंड मिटून.

समोरची विजेची टाइपरायटर मशीन त्या सहा वर्षांत तिनेच जुळवलेली. मालकीण टायपिस्टबाई महिन्यात तिसऱ्यांदा आली होती.

"बघा ना," बाईने कागद पुढे केला. "ओळीच्या शेवटी अक्षरं एकमेकांच्या उरावर बसतात. उद्या सकाळी वकिलांना कागद द्यायचेत. नाही दिले तर ते दुसरीकडे जातील, मग मी खायचं काय?"

"मोटर दमलीय, बाई," दीर म्हणाला. "पट्टा बदलला, मोटर उघडली, अर्धी बाटली तेल ओतलं. आता भंगार आहे ही. ठेवून जा, मी बघतो काय करायचं ते."

भंगार. फडक्याभोवती तिची मूठ आवळली.

"भाऊजी, प्लग काढा."

"प्लग काढल्यावर चालेल कशी?"

"तेच दाखवते. उठा तिथून."

टायपिस्टबाई बघत होती, म्हणून तो उठला. ती स्टुलावर बसली. प्लग काढून तिने कॅरेज, म्हणजे कागद धरणारा वरचा सरकता भाग, उजव्या टोकाला नेली आणि कडेचा खटका दाबून धरला. कॅरेज आपणहून डावीकडे निघाली, अर्ध्यावर रेंगाळली आणि थांबली.

"वीज नसताना ही हलली कशी?" टायपिस्टबाईने विचारलं.

"मागे डबा आहे, त्यात स्प्रिंग गुंडाळलेली. ती कॅरेजला सारखी ओढत असते. पण दातेरी पट्टीत खिट्टी अडकलेली असते, ती जाऊ देत नाही. तुम्ही अक्षर मारलं की खिट्टी एक दात सोडते आणि लगेच पुढचा धरते. कॅरेज एक घर सरकते."

"आणि मोटर?"

"ती अक्षर आपटते आणि ओळ संपली की कॅरेज मागे आणते. आणताना स्प्रिंगला पुन्हा पीळ बसतो. पुढे नेणं मोटरच्या बापाला जमायचं नाही." तिने दिराकडे पाहिलं. "ओळीच्या शेवटी स्प्रिंग सैलावते. त्यात कॅरेजच्या रुळांवर कुणी चिकट तेल ओतलं, तर ती ओढणार किती?"

दीर घसा खाकरत म्हणाला, "दादाच सांगायचा, तेल घालत जा म्हणून."

"शिलाई मशिनीबद्दल सांगायचा. तुम्ही तेवढंच ऐकलंत."

तिने फडकं पेट्रोलमध्ये भिजवलं आणि रूळ पुसायला घेतले. वरचा, खालचा, मधल्या छर्‍यांच्या खाचा. फडकं काळं झालं, तिने घडी बदलली. मग दुसरं घेतलं. बराच वेळ ती नुसती पुसत होती.

शेवटी तिने स्प्रिंगचा डबा हाताने धरून दोन वेढे जास्त पिळला. तिच्या अंगठ्याच्या मुळाशी पांढरा व्रण होता. हात सुटला की स्प्रिंगची पट्टी चाबकासारखी कापते. दिराने तो व्रण पाहिला. त्याच्या हाताला असा व्रण नव्हता.

तिने पुन्हा खटका दाबला. कॅरेज एका दमात डावीकडे धावली आणि वाटेत घंटी वाजली. प्लग अजून जमिनीवर पडलेला होता.

मग वीज लावून टायपिस्टबाईने तीन ओळी मारल्या. कागद काढून तिने उजेडाकडे धरला. शेवटचं अक्षरही आपल्या जागी बसलं होतं.

"दादांच्या हातचं काम वाटतंय," बाई म्हणाली.

"ही मशीन त्यांच्या हातची नव्हतीच कधी," ती म्हणाली आणि फोटोकडे न बघता तिने पेट्रोलच्या बाटलीला झाकण लावलं.

मशीन उचलून बाई गेली. दीर ओट्याला टेकून उभा होता, आता स्टूल रिकामं होईल या हिशेबाने. ती उठली नाही. पेट्रोलने भिजलेलं काळं फडकं तिने त्याच्या हातात दिलं.

"पुसणं हेच माझं काम म्हणालात ना, भाऊजी? आज मी पुसूनच मशीन चालू केली. स्टूल माझं, फडकं तुमचं. उद्या सकाळी लवकर या. रूळ कसे पुसतात ते पहिल्यापासून शिकवीन."