खाली नाव नसलेली बातमी

मित्रांनो, पनवेलजवळच्या एका गावच्या नाक्यावर उभा असलेला मी जुना काळा फळा. शाळेने टाकून दिलेल्या फळ्या जोडून आनंदाकाकांनी मला उभं केलं. पाणी कधी येणार, कोण वारलं, ग्रामसभा केव्हा, सगळं माझ्यावर लिहिलं जायचं. काकांचा दंडक एकच होता, "खाली नाव टाकल्याबिगर खडूला हात लावाचा नाय." म्हणून लोक म्हणत, "फळ्यावर आलाय म्हंजे खरा हाय." मी फुशारून जायचो.

मग घरोघरी मोबाइल आले. माझ्याकडे पाठ खाजवायला एक बैल तेवढा यायचा.

एका सकाळी काकांनी मोबाइलमध्ये बघून माझ्यावर लिहिलं : 'सावधान! हिरव्या साडीतली बाई मुलं पळवते.' खाली नाव नव्हतं. "पुढं पाठवा म्हनून आलंय, त्याला आपला नाव कशाला?" असं काकाच म्हणाले. लोक पुन्हा माझ्यापुढे जमले आणि मी खूश झालो. त्या खुशीची मला आज सगळ्यात जास्त लाज वाटते.

दुपारी वाडीवरची ठकी रानभाजी विकायला आली. साडी हिरवी, कडेवर नात संजना. लोकांनी तिला घेरलं, टोपली लाथाडली, रडणारं पोर तिच्या कडेवरून ओढून घेतलं. अंगणवाडीच्या कुमुदताई धावत आल्या. "अहो, ही हिचीच नात आहे! मीच डोस पाजलेत हिला!" तेव्हा कुठे पोर परत मिळालं. पांगता पांगता कोणीतरी मला हळूच पुसून टाकलं.

पण कुमुदताईंनी काकांपुढे खडू धरला. "काका, आता नावासकट लिहा."

काकांनी लिहिलं : 'ती बातमी खोटी होती. मी खातरजमा केली नाही. ठकीबाईची माफी मागतो. आनंदा.'

आठवड्याने ठकी आली. तिला वाचता येत नाही. "काय लिवलाय?" तिने विचारलं. काकांनी मान खाली घालून सगळ्यांसमोर वाचून दाखवलं. शेवटी स्वतःचं नावही वाचलं.

ठकीने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "त्या दिशी पन लिवला व्हता ना? तवा माना कोनी वाचून नाय दाखवला. इचारला बी नाय."

मित्रांनो, कोणी सांगितलं, हे विचारल्याशिवाय बातमी पुढे ढकलू नका. आणि जिच्याबद्दल ती आहे, तिला आधी विचारा. मी पुसून स्वच्छ झालो आहे, पण संजना अजून माझ्यासमोरून जाताना आजीच्या पदरात तोंड लपवते.